'अवोदा': वीटकामापासून उपासनेपर्यंत

हिब्रूत उपासनेला 'अवोदा' म्हणतात. धातू तीन व्यंजनांचा : आयिन, बेत, दालेत. मूळ अर्थ राबणं. त्यातूनच 'एवेद', म्हणजे गुलाम किंवा चाकर. स्वरानंतर बेतचा उच्चार 'व' होतो, अरबीत मात्र 'ब' टिकला. 'इबादत' आणि 'अब्दुल्ला' याच घराण्यातले.

देवनागरीत एक घोटाळा हटकून होतो. आयिन आणि आलेफ, दोन्हींसाठी आपण 'अ'च लिहितो. आलेफने सुरू होणाऱ्या धातूचा अर्थ मात्र 'हरवणं, नाश पावणं' असा आहे. 'अवेदा' म्हणजे हरवलेली वस्तू. शब्दकोश उघडण्याआधी पहिलं अक्षर मूळ लिपीत पाहून घ्यावं.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात 1:14 मध्ये मिसरातली (इजिप्तमधली) चिखल-विटांची सक्तमजुरी हीच 'अवोदा'. पुढे 12:26 मध्ये मुलं वल्हांडणाबद्दल, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाबद्दल विचारतात, "ही तुमची अवोदा कसली?" मुंबईत 1846 साली बेने इस्राएलींसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापली गेली. हग्गादेत हा प्रश्न चार मुलांपैकी दुष्ट मुलाच्या तोंडी आहे, कारण 'तुमची' म्हणून तो स्वतःला वेगळा काढतो.

खरी गंमत 'गणना' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. 30 ते 50 वर्षांच्या 8,580 लेव्यांची, म्हणजे देवसेवेच्या कुळातल्या पुरुषांची, 'अवोदा' म्हणजे चक्क उपासनेच्या तंबूची हमाली. त्यांची घराणी तीन. गेर्षोनी पडदे वाहत, त्यांना पुढे सातव्या अध्यायात 2 गाड्या आणि 4 बैल मिळतात. मरारींकडे फळ्या, खांब, बैठका. ओझं जड म्हणून 4 गाड्या, 8 बैल. कहाथींना एकही गाडी नाही, कारण कराराचा कोश (पवित्र पेटी) आणि इतर पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. इथे 'अवोदा' म्हणजे प्रार्थना असं वाचलं, तर चौथ्या अध्यायाचा अर्थच लागत नाही.

'अवोदा'ला प्रार्थना हा अर्थ पक्का चिकटला तो इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडून यज्ञ थांबल्यावर. बायबलच्याच 'अनुवाद' या पुस्तकात 11:13 मध्ये 'पूर्ण मनाने सेवा करा' असं आहे. मनाची अवोदा कोणती? तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाचं उत्तर : प्रार्थना. रोजच्या अमिदा प्रार्थनेतल्या एका आशीर्वचनाचं नावही 'अवोदा'च.

जुनी मंदिरसेवा आता योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, प्रार्थनेत शब्दांनी उभी करतात. महायाजकाची 5 स्नानं, 10 वेळा हातपाय धुणं, दोन बोकडांवर टाकलेल्या चिठ्ठ्या, सगळं क्रमाने येतं. रक्त शिंपडताना वर एकदा आणि खाली सात वेळा, मोजणी 'एक, एक आणि एक, एक आणि दोन' अशी. पहिलं 'एक' दर वेळी पुन्हा म्हणायचं, म्हणजे वरचं शिंपडणं खालच्या सातांत धरलं जात नाही.