आडवाटेवरील चित्रणातील कॅमेऱ्याचे रेतीरक्षण

डांबरी सडक सोडून पांदण, शिवरस्ता, माळरान किंवा नदीच्या पात्रातून दुचाकी-चारचाकी चालवताना जे चित्रण होते, त्यात व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भिंगावर, बटणांत, सांध्यांत आणि आतल्या यंत्रणेत रेती व धूळ जाऊ नये, आणि गेलीच तर ओरखडा न पाडता निघावी, यासाठी करावयाचे उपाय. मराठवाड्यातील माती आणि वाळू यांच्या गुणधर्मांमुळे येथे या उपायांना वेगळे वळण घ्यावे लागते. म्हणून या नोंदीत मातीची चर्चा थोडी लांबली आहे.

‘रेतीरक्षण’ ही संज्ञा रूढ असली तरी काहीशी फसवी आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक सी. के. वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या कणश्रेणीनुसार ०.०६२५ ते २ मिमी. व्यासाचा कण म्हणजे वाळू. त्याखाली गाळ व मृत्तिका (सर्वांत बारीक, चिकणमातीचे कण) येतात. गाडीच्या मागच्या चाकामागे उठून बराच वेळ हवेत राहणारा धुरळा मुख्यतः या खालच्या श्रेणींतला असतो. मराठवाड्यात त्याच्या साठ्याला ‘फुफाटा’ म्हणतात. फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या चाकांखाली काळी माती पिठासारखी दळली जाते आणि पांदणीत पायाचा घोटा बुडेल एवढा थर साचतो. ‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा मात्र गरम राखेचा आहे. राखेचा अर्थ मूळचा आणि धुळीचा त्यावरून आलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वैशाखात त्या धुळीतून अनवाणी चाललेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

काळ्या मातीच्या (रेगूर) उत्पत्तीबद्दल एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जुन्या जलाशयांच्या तळाशी साचलेला हा गाळ आहे, असे एका पक्षाचे मत होते. दुसरा पक्ष ती दख्खनच्या ट्रॅप खडकाच्या (थरांनी साचलेल्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकाच्या) विदारणातून, म्हणजे झिजेतून, जागच्या जागी तयार झाल्याचे मानत असे. पठारावरील व उतारावरील मातीला आज दुसरे मत सर्वसाधारणपणे लागू करतात, तर गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठच्या खोल मातीत वाहून आलेल्या गाळाचा वाटा मोठा धरला जातो. तिचा काळा रंगही वादाचा विषय होता. पूर्वी तो सेंद्रिय द्रव्याचा मानीत. पण या मातीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा कमीच आढळते. त्यामुळे टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहखनिज), तसेच मृत्तिका आणि ह्यूमस (कुजलेले सेंद्रिय द्रव्य) यांचा घट्ट संयोग, ही कारणे पुढे आली. यांतील संयोगाचे कारण जास्त पटण्याजोगे आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र मॅग्नेटाइट महत्त्वाचे ठरते.

खेड्यातील मुले जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून नदीच्या वाळूतून ओढत नेतात. दहा-बारा पावलांत त्याला काळ्या कणांची मिशी फुटते. ते कण मॅग्नेटाइटचे, बेसाल्टमधून सुटलेले. कॅमेऱ्यातही चुंबक असतात : लहान स्पीकरमध्ये, स्वयंचलित फोकसच्या मोटरमध्ये, प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेत. तिथवर पोचलेला असा कण हवेच्या झोताने सहजी निघत नाही.

काळ्या मातीचा प्रमुख घटक माँटमोरिलोनाइट हे मृदू खनिज आहे. त्याची काठिन्यता मोस श्रेणीत (खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणारी श्रेणी) १ ते २, तर काचेची सुमारे ५.५. म्हणजे नुसत्या मातीने भिंगावर ओरखडा पडत नाही. तो पाडतात तिच्यात दडलेले कण. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोटी व अकीक यांचे तुकडे ६.५ ते ७ काठिन्यतेचे असतात. पैठण ते नांदेड या पट्ट्यात गोदावरीच्या वाळूत बेसाल्टजन्य कण अधिक आढळतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, ट्रॅपचे आवरण संपून ग्रॅनाइटी खडक दिसू लागतात आणि मांजरेच्या वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण वाढते. क्वार्ट्झची काठिन्यता ७ आहे.

कॅमेऱ्याच्या धूळरोधकतेची प्रत ‘आयपी’ संकेताने (आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार) सांगतात. पहिला अंक ५ असल्यास मर्यादित धूळ आत जाऊ शकते. ६ असल्यास जात नाही. ही चाचणी ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) चाळणीतून गाळलेल्या शंखजिऱ्याच्या भुकटीने घेतात. शंखजिरे हे मोस श्रेणीतील सर्वांत मृदू, काठिन्यता १ असलेले खनिज. त्यामुळे हा अंक धूळ आत शिरते का एवढेच सांगतो. घासली गेल्यास काय होईल ते सांगत नाही. याच चाचणीत कवचातील हवा पंपाने ओढून आतला दाब कमी करण्याची तरतूद आहे, आणि ती मराठवाड्यातील चित्रणकाराने नीट समजून घ्यावी. चालता कॅमेरा तापतो आणि त्यातली हवा प्रसरण पावते. गाडी थांबवून तो लिंबाच्या सावलीत ठेवला की हवा आकुंचन पावते आणि सांध्यांतून बाहेरची हवा धुळीसकट आत ओढली जाते. त्या वेळी भोवतालचा धुरळा अजून खाली बसलेला नसतो. नुकसान चालत्या गाडीवर होते असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग थांबल्यावर होतो. धुरळा बसेपर्यंत झाकण, बॅटरीचा कप्पा, भिंग यांपैकी काहीही उघडू नये. या विषयात एकच नियम पाळायचा तर तो हाच.

आवरणाबाबत दोन मते आहेत. कॅमेरा पूर्णपणे बंद करावा, असे एक; सैल पिशवी घालून खालून हवा खेळती ठेवावी, असे दुसरे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२° से. च्या वर जातो आणि बहुतेक कॅमेऱ्यांची सांगितलेली कार्यमर्यादा ४०° से. च्या आसपास असते. म्हणून मोठ्या कॅमेऱ्याला दुसरा मार्ग बरा. जाड प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून भिंगाच्या कडेला रबरबँडने आवळतात आणि पुढे साधा पारदर्शक फिल्टर लावतात. फिल्टरमुळे सूर्यासमोर चमक वाढते हा आक्षेप खरा आहे. परंतु ओरखडलेला फिल्टर बदलता येतो, भिंग बदलणे खर्चाचे. झूम करताना नळी पुढे सरकते असे भिंग शक्यतो टाळावे, कारण ती नळी भात्यासारखी हवा ओढते. आवरणाने आवाज दबतो. ध्वनी वेगळा नोंदवणे हाच त्यावर उपाय.

शिरस्त्राणावर किंवा छातीवर बसणारे छोटे कॅमेरे आल्यापासून पिशवीची गरज कमी झाली. गोप्रो हीरो५ ब्लॅक (२०१६) हा वेगळ्या कवचाशिवाय १० मी. खोल पाण्यात चालणारा होता; अशा कॅमेऱ्यात धुळीलाही सहसा वाट मिळत नाही. झाकणाच्या रबरी कडेखाली एखादा खडा अडकला तर मात्र ही हमी उरत नाही. मोबाइल हँडलला लावण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यात धुळीपेक्षा कंपनांचा धोका मोठा : इंजिनाच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिली होती.

फितीच्या काळात परिस्थिती याहून नाजूक होती. मिनी डीव्ही या छोट्या व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर चित्र ज्या पट्ट्यांत नोंदले जाई, त्यांतील एका मार्गिकेची रुंदी १० मायक्रॉन, आणि तिच्यावरून मिनिटाला ९,००० फेरे घेणारे, नोंद करणारे शीर्ष. ६० मायक्रॉनचा एक कण सहा मार्गिका झाकत असे.

कॅमेरा कोठे धरावा, याचे उत्तर वाळूच्या गतिकीत मिळते. वाळवंटातील वाळूचे अभ्यासक आर. ए. बॅगनॉल्ड यांच्या अभ्यासाने (१९४१) दाखवले, की वाळूचे कण उड्या घेत जमिनीलगतच पुढे जातात. बारीक धूळ तेवढी वर तरंगते. त्यामुळे नदीपात्रात कॅमेरा उंच धरला की बरेच काम होते, पांदणीत नाही. तेथे वाऱ्याची बाजू पाहावी. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो. वाट दक्षिणोत्तर असल्यास चित्रणकाराने पश्चिमेच्या बांधावर उभे राहावे.

स्वच्छतेचा क्रम चुकला तर आधीची सगळी काळजी वाया जाते. भिंगावर धूळ दिसली की हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जातो, आणि गारगोटीचा कण रुमालाखाली फरफटत काचेवर बारीक चंद्रकोरी ओढतो. तोंडाने फुंकर घालणेही वाईट. फुंकरीतल्या दमटपणाने माँटमोरिलोनाइट फुगते, चिकट लेप होतो आणि वाळल्यावर तो कडेच्या खाचेत पापुद्र्यासारखा धरून राहतो. पंक्चरच्या दुकानातील हवेचा पाइप याहून वाईट, कारण त्या हवेत तेल व पाणी असते आणि झोत कण सांध्यात खोल ढकलतो. भिंग जमिनीकडे करून रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कोरडा कुंचला, आणि कापड सर्वांत शेवटी. जलरोधक कॅमेरा मुक्कामी पोचल्यावर झाकण न उघडता बादलीभर स्वच्छ पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवावा, पाण्यातच बटणे दाबावीत, पाणी गढूळ झाल्यास बदलावे. पूर्ण वाळल्यावर झाकण खालच्या बाजूला धरून उघडावे आणि रबरी कडेवरून स्वच्छ बोट फिरवून पाहावे. डोळ्यांना न दिसणारा खडा बोटाला लागतो.