हिमवादळ रंगवायला पांढरा रंग फार लागत नाही

हिमवादळात सापडलेल्या डोंगराचं एखादं दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे त्या क्षणीचा उजेड टिपू पाहणारं तैलचित्र नाक कॅनव्हासला टेकेल इतक्या जवळून पाहा. राखाडी, जांभळट, फिकट निळा, कुठे मळकट गुलाबी, आणि मध्येच पांढऱ्याचा एखादा जाड फटकारा. निव्वळ पांढरा एवढाच. चार पावलं मागे सरकलं की या सगळ्याचा बर्फ होतो. चित्रकाराची लहर म्हणून आपण ते सोडून देतो. मला मात्र यात लहरीपेक्षा मोजमाप जास्त दिसतं.

डोंगरामागचं काळवंडलेलं आभाळच घ्या. ते मुद्दाम गडद केलंय असं वाटतं. पण दाट ढगांचं आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. प्रकाशमापनाच्या प्रचलित सूत्रानुसार, डोक्यावरचं आभाळ क्षितिजालगतच्या आभाळापेक्षा तिप्पट उजळ असतं. सपाट बर्फावर मुख्यतः तो वरचा उजेड पडतो आणि ताजा बर्फ त्यातला 80 ते 90 टक्के परत फेकतो. हिशेब केला तर असा बर्फ क्षितिजाजवळच्या आभाळाच्या जवळपास दुप्पट उजळ निघतो. उभ्या कड्याच्या वाट्याला मात्र अर्धंच आभाळ येतं, म्हणून तो मंद दिसतो.

पडणाऱ्या बर्फाची गंमत तर आणखीच. एकच हिमकण काळ्या खडकापुढून जाताना पांढरा दिसतो आणि वर आभाळापुढे आला की करडा, कारण आता उजेड त्याच्या मागे असतो. चांगला चित्रकार खाली पांढरे ठिपके देतो, वर करडे. सगळीकडे पांढरेच ठिपके दिसले, तर चित्र खिडकीबाहेर न बघता काढलंय असं खुशाल समजावं.

निळ्या सावल्या वादळ फाटल्यावर येतात. ढगांना भगदाड पडून ऊन आलं की सावलीतल्या बर्फावर सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, फक्त निळ्या आकाशाचा पोचतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात, म्हणून तो उजेडच निळा. दृक्प्रत्ययवादी फ्रेंच चित्रकार क्लॉद मोनेने 1868-69च्या हिवाळ्यात कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र काढलं, त्यात बर्फावरच्या सावल्या अशाच निळ्या आहेत. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने, सलॉनने, 1869 साली ते नाकारलं. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.

हे सगळं उघड्यावर उभं राहून रंगवता आलं ते एका साध्या वस्तूमुळे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली रंगासाठी धातूची, दाबून रिकामी करायची ट्यूब काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत ठेवत. 1895च्या हिवाळ्यात चौपन्न वर्षांचा मोने नॉर्वेत जाऊन बर्फातल्या कोल्सोस डोंगराची चित्रं काढत होता. त्याच्या सामानात तयार ट्यूबा नसत्या, तर हा उद्योग जमला असता का, शंकाच आहे.

थंडीत तैलरंग वाळायलाही वेळ घेतो. मुळात तो पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पापुद्रा घट्ट होतो. वाळताना सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं! शिशाच्या सफेद्याने, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाने, ही क्रिया वेग घेते, गारठ्याने रेंगाळते. ओल्या करड्यावर ओढलेला पांढरा म्हणूनच खालचा थोडा करडा उचलून नेतो. वाऱ्याने उडवलेल्या भुरभुरीत बर्फासाठी याहून सोयीची गोष्ट नाही.

पण खरी पंचाईत वादळ ऐन भरात असताना होते. उजेड चहूबाजूंनी सारखाच येतो, सावल्या पुसल्या जातात आणि उतार कुठे आणि सपाटी कुठे हे डोळ्याला कळेनासं होतं. मुरलेला स्कीपटूही अशा वेळी फसतो. चित्रकार तिथे सावली रंगवूच शकत नाही, कारण ती नसतेच. मग तो फटकाऱ्याची दिशा वापरतो. उतारावर ब्रश उताराच्या अंगाने खाली ओढतो, कड्यावर उभा आपटतो, सपाटीवर आडवा फिरवतो. प्रत्येक फटकाऱ्याला जाड रंगाची कड येते. संग्रहालयातला दिवा वरून तिरपा पडला की या कडांच्या बारीक सावल्या कॅनव्हासवर पडतात.