आतड्यातला जंतू आणि डीएनएवरचा ठसा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमागे जंतू असावेत, या शंकेची सुरुवात हृदयापासून झाली. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात एका रुग्णाची नोंद छापून आली. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग आणि त्याच माणसाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर. १९७७ मध्ये आकडे हाती आले. असा कॅन्सर झालेल्या ६३ जणांपैकी ३५ जणांच्या शौचात स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा हृदयाच्या झडपेला संसर्ग करू शकणारा जंतू सापडला, तुलनेला घेतलेल्या १०५ जणांत फक्त ११ जणांच्या. या गटातला गॅलोलिटिकस हा जंतू रक्तात आढळला, तर डॉक्टर आजही कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्यायला सांगतात.

पण जंतूंमुळे गाठ झाली, की गाठ झाल्यावर जंतू तिथे वस्तीला आले? २०१२ मध्ये व्हँकुव्हर आणि बोस्टनच्या संशोधकांना गाठींत फ्युजोबॅक्टेरियम सापडला. हा एरवी तोंडात राहणारा जंतू. तेव्हाही प्रश्न तोच होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची भीती होतीच.

माझ्या मते खरं वळण कोलिबॅक्टिनमुळे आलं. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे काही प्रकार हे विष तयार करतात आणि त्याने पेशीचा डीएनए तुटतो, हे २००६ मध्ये कळलं होतं. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची कसून परीक्षा झाली. माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले बारीक, पोकळ गोळे घेतले. त्यांच्या पोकळीत सुईने हे ई. कोलाय सोडले, पुन्हा पुन्हा, पाच महिने. मग डीएनए वाचला, तर चुका वाटेल तिथे नव्हत्या. डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यांतल्या ‘ए’ आणि ‘टी’ची दाटी असलेल्या ठरावीक जागी ‘टी’ बदललेला किंवा गळालेला. हाच ठसा काही रुग्णांच्या गाठींतही मिळाला.

ठशाचं मोल असं, की जंतू कधीच निघून गेला असला तरी तो राहतो. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठी तपासल्या गेल्या. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळला, आणि तो गाठीच्या वाढीत फार आधी उमटलेला होता, बहुधा बालपणीच. हे ई. कोलाय कित्येक धडधाकट माणसांच्या पोटातही असतात, तेव्हा नुसत्या नावाने घाबरू नये. पण आता शोध घ्यायचा तो चाळिशीच्या आतल्या रुग्णाच्या लहानपणी त्याच्या आतड्यात काय चाललं होतं, याचा.