रिअल टाइम क्लॉक

संगणक, मोबाइल, डिजिटल कॅमेरा अशी उपकरणे बंद असतानाही वेळ मोजत राहणारे छोटे इलेक्ट्रॉनिक घड्याळ. खरे तर असे उपकरण पुरते बंद झालेलेच नसते. बाकी सारे निजले तरी एवढे एक सर्किट जागे असते.

त्याचा ठोका नादकाट्याच्या आकारात कापलेल्या क्वार्ट्झच्या स्फटिकातून येतो. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका.

संगणकात या घड्याळाला मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल जगवतो. हा बहुधा सीआर २०३२ असतो, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. पुण्यात तो बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतो. ‘सीमॉसचा सेल’ म्हटले तरी दुकानदाराला कळते. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिॲम्पिअर-तास. घड्याळाने ५ मायक्रोॲम्पिअर ओढले, तर हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे ५ वर्षे निघतात. सेल संपला की तारीख मागे जाते आणि वेबसाइट खरी असल्याची, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे अवैध दिसू लागतात. दोष इंटरनेटला दिला जातो तो उगाच.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ही सोय नव्हती. सुरू करताना दर वेळी तारीख-वेळ टंकावी लागे. १९८४ च्या पीसी-एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. मोबाइलमध्ये वेगळा सेल सहसा नसतो, मुख्य बॅटरीतूनच थेंबभर वीज मिळते. पुष्कळशा मायक्रोवेव्हना तेवढाही आधार नसतो. म्हणून गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज परतली, की ते पुन्हा वेळ लावून मागतात.

स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. त्याहून गार किंवा गरम झाला की मंदावतो. पुण्याच्या उन्हाळ्यातल्या ४० अंशांत दिवसाला साधारण पाऊण सेकंद मागे पडतो. इंटरनेट असले की ही चूक आपोआप दुरुस्त होते.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली ठेवणाऱ्यांना मात्र वेगळाच गोंधळ भेटतो. विंडोज या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स सहसा जागतिक. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये यावे, तर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे असते. इथे सेल बदलून काही उपयोग नाही.