विधिमंडळ अधिवेशनात व्यापारी संघटनेचे निवेदन: पात्रता, कागदपत्रे आणि हुकणाऱ्या मुदती

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात व्यापारी आणि लघुउद्योजक संघटनांची निवेदने मंत्र्यांच्या दालनांत ढिगाने जमा होतात आणि त्यांतील बहुतेक तिथून पुढे सरकत नाहीत. मागणीच गैर असते असे क्वचितच घडते. बहुधा ती चुकीच्या दारी, उशिरा किंवा अधिकार नसलेल्या माणसाच्या सहीने दिलेली असते.

आधी विषय तपासावा. जीएसटीचा दर उतरवण्याची मागणी आमदारांकडे नेऊन उपयोग नाही, कारण दरांची शिफारस जीएसटी परिषद करते; तिथे राज्याची बाजू मांडणाऱ्या मंत्र्यांना स्वतंत्र पत्र द्यावे. व्यवसाय कर, बाजार समित्या, दुकाने व आस्थापना अधिनियम हे विषय मात्र राज्य विधिमंडळाच्या कक्षेत येतात. सदस्यामार्फत विनंती अर्ज सादर करण्याचाही मार्ग आहे, पण न्यायप्रविष्ट प्रकरणासाठी तो वापरता येत नाही.

सर्वाधिक निवेदने वाया जातात ती वेळेच्या गैरसमजामुळे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात, हे पदाधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी विधान भवनाच्या फाटकाशी कळते. तोवर हातात उरतात लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), औचित्याचा मुद्दा (सदस्याने सभागृहात थोडक्यात मांडलेला विषय) आणि विधेयकावरील दुरुस्ती. करसवलतीची मागणी असेल तर ती अर्थसंकल्प तयार होत असताना वित्त विभागाकडे जायला हवी. भाषण झाल्यावर दिलेले पत्र पुढच्या वर्षासाठीच समजावे. दुकानांवरील मराठी पाट्यांची दुरुस्ती मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली, वाद पुढे न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीच्या खर्चाबद्दल किंवा अक्षरांच्या आकाराबद्दल ज्यांना काही सुचवायचे होते, त्यांच्यासाठी योग्य वेळ विधेयक सभागृहापुढे असतानाचीच होती. विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले तर सूचना मागवणारी जाहीर सूचना निघते. तिच्यातील शेवटची तारीख कागद पोहोचण्याची समजावी, पोस्टात टाकण्याची नव्हे. जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. एवढ्या गठ्ठ्यात वीस पानी तक्रारपत्र कोण वाचणार?

पात्रतेची अट अशी नाही. निवेदन कोणीही नागरिक देऊ शकतो आणि आपल्याकडे त्यासाठी वेगळ्या नोंदणीचा कायदाही नाही. अडचण येते ती संघटनेच्या नावाने बोलताना. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सगळे जोडतात, पण या मागणीसाठी अमुक व्यक्तीस अधिकार दिल्याचा कार्यकारिणीचा ठराव कोणाकडेच नसतो. त्याहून नाजूक बाब म्हणजे बदल अर्ज. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेत पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल कळवावा लागतो. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे राहून जातो, किंवा दाखल होऊनही धर्मादाय कार्यालयात पडून राहतो. परिणामी निवेदनावर सही एका अध्यक्षांची आणि शासकीय नोंदीत नाव दुसऱ्याचेच. निवेदन देताना हे कोणी तपासत नाही, परंतु समितीपुढे म्हणणे मांडताना प्रतिस्पर्धी गटाने आक्षेप घेतला की मूळ मागणी बाजूला पडते. बदल अर्ज प्रलंबित असेल तर निदान त्याची पोच जोडावी.

मजकुराबाबत एक आग्रहाची विनंती. ‘हा जाचक कायदा रद्द करा’ एवढ्यावर कोणताही आमदार दुरुस्ती मांडू शकत नाही. त्यांच्या हाती तयार वाक्य द्यावे: ‘खंड ३ मधील “तीस दिवसांच्या आत” या मजकुराऐवजी “नव्वद दिवसांच्या आत” हा मजकूर दाखल करण्यात यावा.’ इथे विधेयकाचा खंड आणि मूळ अधिनियमाचे कलम यांचे क्रमांक वेगळे असतात, हे विसरून चुकीचा आकडा घालणाऱ्या संघटना कमी नाहीत. दुरुस्तीखाली कारण पाच ओळींत मावले पाहिजे. धन विधेयक (कर किंवा शासकीय खर्चाविषयीचे) असेल तर विधान परिषद चौदा दिवसांत केवळ शिफारशी करू शकते, तेव्हा दुरुस्ती विधानसभा सदस्यांकडेच द्यावी.

भेटीगाठी शक्यतो आवाराबाहेर ठरवाव्यात. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या आवारात समर्थकांची हाणामारी झाली आणि त्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी प्रवेश आमदार, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक व शासकीय अधिकारी यांच्यापुरता मर्यादित करण्याची घोषणा केली. पासच्या भरवशावर गाव सोडू नये. नागपुरात आमदार निवास किंवा रविभवन (शासकीय विश्रामगृह) येथे वेळ घेणे अधिक शहाणपणाचे. शाल-श्रीफळापुढे जाऊ नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट दोषी ठरतो.

निवेदन देतानाच्या छायाचित्रासाठी सगळे पदाधिकारी सरसावतात आणि आवक क्रमांक घ्यायचा मात्र राहून जातो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि क्रमांक घेतल्याशिवाय दालन सोडू नये. दालनात मंत्री ‘बघतो’ म्हणाले, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. तेच उत्तर सभागृहात आश्वासन म्हणून आले तर कार्यवाहीत नोंदले जाते आणि पूर्ततेसाठी आश्वासन समितीच्या नजरेखाली राहते. म्हणून आमदारांना भाषणापेक्षा मंत्र्यांकडून मुदतीसह उत्तर मागण्याची विनंती करावी, त्या दिवसाच्या कार्यवाहीतील उतारा मिळवावा आणि पुढचे प्रत्येक स्मरणपत्र त्या उताऱ्यासह संबंधित विभागाच्या सचिवांकडे पाठवावे.