आठ आठवड्यांच्या आत विकलेले पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात आणि अंगातली ऊबही त्याला स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. चालणे, खाणे, आजाराशी झुंजणे, इतरांशी वागणे, हे सारे पुढच्या काही आठवड्यांत आईच्या आणि भावंडांच्या सहवासात घडायचे असते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम लागू केले, त्यांत आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई केली आहे, आणि त्या मनाईला जीवशास्त्राचा भक्कम आधार आहे. तरीही आपल्याकडे महिना-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात. विकणाऱ्याचा त्यात खाण्यापिण्याचा, लसीचा आणि जागेचा खर्च वाचतो. घेणाऱ्यालाही पिल्लू जितके लहान तितका त्याला आपला लळा अधिक लागेल असे मनापासून वाटते. हा समज चुकीचा आहे, आणि या व्यापारातले बरेचसे हाल त्याच्याच आधाराने चालू राहतात.

आधी आजारांचा विचार करू. कुत्रीच्या गर्भाशयातून पिल्लाला फारच थोडी प्रतिपिंडे मिळतात. रोगांशी लढणारी ही प्रथिने मुख्यतः चिकातून येतात, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात शिरू शकतात. ही उसनी शिदोरी आठवड्यागणिक घटत जाते. ती भरपूर असते तोवर दिलेली लसही ती निकामी करते. ती संपत आली की लस लागू पडते. मात्र या दोहोंच्या मध्ये असा काळ येतो, की उरलेली प्रतिपिंडे लसीला अडवण्याइतकी असतात, पण खऱ्या विषाणूला थोपवण्याइतकी नसतात. प्रत्येक पिल्लाचा हा काळ वेगळा असतो, म्हणूनच पशुवैद्य सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लस देतात. ‘पहिली लस झाली आहे’ एवढ्या वाक्यावर विश्वास ठेवून पिल्लू घरी आणणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

पार्व्होचा विषाणू नेमका याच फटीतून शिरतो. १९७८ च्या सुमारास तो नवा आजार म्हणून जगाच्या लक्षात आला आणि थोड्याच काळात सर्वत्र पसरला. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी हे त्याचे लक्ष्य असते, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा तळ आणि हाडांतला मगज. त्यामुळे एकीकडे आतडे सोलवटल्यासारखे होते आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटून प्रतिकार कोसळतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणून घरी आणले तेव्हा उड्या मारणारे पिल्लू तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटीतल्या खाण्याला तोंड लावत नाही, कोपऱ्यात पडून राहते, ओकू लागते, आणि मग उग्र वासाचे रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. त्याच्या पुढच्या पायाला सलाईन लावून बसलेल्या मुलांना वाटते, आपल्याच हातून काही चुकले. प्रत्यक्षात पिल्लाला लागण बहुधा विक्रेत्याकडेच झालेली असते. हा विषाणू फरशीवर, पिंजऱ्यात, टोपलीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही.

वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेली, नुकतीच दूध तोडलेली, प्रवासाने थकलेली पिल्ले दलालाकडे एका खोलीत एकत्र आली की सर्वांचे जंतू सर्वांना मिळतात. त्यावर विकणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे सरसकट प्रतिजैविके. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतून विकलेल्या पिल्लांमुळे १८ राज्यांतल्या ११८ माणसांना कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूची बाधा झाली आणि त्या जिवाणूवर नेहमीची अनेक औषधे चालेनात. तपासात ज्या १४९ पिल्लांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, त्यांतल्या ९५ टक्के पिल्लांना प्रतिजैविके दिलेली होती, आणि पुष्कळदा ती आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून. माणसाच्या आरोग्याचा प्रश्न या व्यापारापासून वेगळा काढता येत नाही, असे मला वाटते ते यामुळे.

आता लळ्याकडे वळू. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथे डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत आयांसह वाढणाऱ्या पिल्लांना माणसांपासून दूर ठेवले होते. त्यांतल्या काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेका आठवड्यासाठी माणसांत आणले. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलेच नाही. ही शेवटची पिल्ले पुढे रानटी जनावरासारखी माणसाला टाळत राहिली. पण पाचव्या ते नवव्या आठवड्यांत माणसांत आलेली पिल्ले चांगली रुळली. याचा अर्थ माणसाशी नाते जुळण्याचे दार आठव्या आठवड्यात मुळीच बंद होत नाही. ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडे असते. दोन महिन्यांचे पिल्लू आणणाऱ्याचे काहीही हुकत नाही.

हुकते ते आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाचे. खेळताना भावंडाला जोरात चावले की ते कळवळून ओरडते आणि खेळ थांबवते. दात फुटल्यावर दुधाला झोंबणाऱ्या पिल्लावर आई गुरगुरते आणि उठून जाते. जबड्याचा जोर आवरणे आणि मनाविरुद्ध झाले तरी सावरणे हे पिल्लू यातूनच शिकते. इटलीत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस ते चाळीस दिवसांचे असताना तोडलेल्या ७० कुत्र्यांची तुलना दोन महिन्यांचे झाल्यावर तोडलेल्या ७० कुत्र्यांशी केली. लवकर तोडलेल्यांत अतोनात भुंकणे, फिरायला नेल्यावर घाबरणे, आवाजाने दचकणे आणि खाण्याच्या वाटीजवळ कोणाला येऊ न देणे अधिक आढळले. माहिती मालकांनी सांगितलेली होती, म्हणून तिला अंतिम पुरावा म्हणू नये. पण पिल्लू आई-भावंडांकडून जे शिकते, त्याच्याशी ती जुळते. असे कुत्रे पुढे ‘चावरे’ ठरते आणि रस्त्यावर सोडले जाते, हे आपल्या शहरांतून वारंवार दिसते.

या साऱ्यात सर्वांत कमी दिसते ती आई. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, सुमारे ६३ दिवसांनी विते, आणि दूध आटल्यावर थोड्याच काळात पुढचा माज येतो. प्रत्येक माजाला जोडी लावली, तर तिच्या शरीराला भरून निघायला उसंतच मिळत नाही. २०१७ च्या नियमांनुसार मादी किमान अठरा महिन्यांची हवी, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचांहून अधिक वेते नकोत, आणि आठ वर्षांनंतर पैदास बंद. चपट्या नाकाच्या जातींत तर विणे हीच शस्त्रक्रिया झाली आहे. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले, कारण पिल्लांचे रुंद डोके आईच्या अरुंद कटितून उतरत नाही.

ब्रिटनमध्ये वेल्सच्या पैदास केंद्रातून २०१३ मध्ये सोडवलेली लुसी नावाची कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल अशाच सततच्या वेतांनी खंगलेली होती. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. त्यानुसार सहा महिन्यांखालची पिल्ले दुकानदार किंवा दलाल विकू शकत नाहीत. ती जिथे जन्मली तिथेच, आईसोबत दाखवावी लागतात. आपल्या नियमांत राज्य पशुकल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी, लसीकरण आणि मायक्रोचिप यांची अट आहे, आणि ती अमलात येण्यासाठी नोंदणीचा दाखला मागणारा ग्राहक लागतो. आई दाखवा म्हटल्यावर एखादी भलतीच कुत्री पुढे करण्याचे प्रकार इंग्लंडात घडले आहेत, तसे इथेही घडू शकतात. तेव्हा तिच्या पोटाकडे पाहावे: पाजणाऱ्या कुत्रीचे सड सुटलेले आणि ओघळलेले असतात, आणि तिला आत आणताच पिल्ले आपणहून तिच्याकडे धावतात.