एक कोटीचे व्याज आयुष्यभर पुरते का?
‘एक कोटी रुपये मुदत ठेवीत ठेवा, नोकरी सोडा आणि व्याजावर आयुष्यभर जगा,’ असा सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. ७ टक्के दराने दरमहा सुमारे ५८,००० रुपये मिळतात, हा हिशेब बरोबरच आहे. मात्र हे व्याज करपात्र असते आणि ते सगळे खर्च केल्यास मुद्दल कोटीवरच थांबते, महागाई थांबत नाही. पडताळा सोपा आहे: ७२ ला महागाईच्या दराने भागावे. दर ६ टक्के धरला, तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे चाळिसाव्या वर्षी ५०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला बावन्नाव्या वर्षी एक लाख लागतील. जाचक नोकरीत घुसमटणाऱ्याला हा सल्ला किती दिलासा देतो, हे मी जाणतो. म्हणूनच राजीनाम्याआधी, व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घालूनही घर चालते का, हे कागदावर मांडून पाहावे.